रिकाम्या गिलासाचा आवाज

आमच्या गल्लीत सकाळी अकराच्या सुमारास ठण्ण ठण्ण असा आवाज सुरू झाला की समोरच्या देवांगन भाभी कुकर चढवायच्या. त्यांच्या घरात घड्याळ होतं, पण भरवसा माझ्या झूलाघरावर जास्त. माझी पोरं दूध पिऊन झाल्यावर रिकामे स्टीलचे गिलास फरशीवर आपटायची, त्याचा तो आवाज.

झूलाघर म्हणजे पाळणाघर. भिलाईत सगळे तसंच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणते. हुडको वसाहतीतल्या आमच्या घराची पुढची खोली आणि व्हरांडा एवढ्या जागेत मी ते पंचवीसेक वर्षं चालवलं. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा बंद केलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'तुमच्या अनुभवातून काय शिकलात ते लिहा' असा निरोप आला, तेव्हा मी दोन दिवस नुसती बसून राहिले. इतकी पोरं हाताखालून गेली, पण ठामपणे सांगावं असं काही सापडेना. जे कळलं असं वाटायचं, ते पुढचं पोर आलं की चुकीचं ठरायचं. तेव्हा शिकवण्यासारखं काही नाही, माझा सगळ्यात मोठा गोंधळ कसा उडाला ते सांगते. तो एका दुधाच्या बाटलीवरून उडाला.

शी-शू, झोप आणि रडणं आवरणं या गोष्टी पोरं बहुतेक आपली आपण शिकतात, आपण फक्त जवळ असावं लागतं. बाटलीचं तसं नाही. बाटलीत पोरापेक्षा घरच्यांचा जीव जास्त अडकलेला असतो. एक आजोबा होते, इथल्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवून निवृत्त झालेले. सून नको म्हणायची म्हणून ते नातवाची बाटली मिटलेल्या छत्रीत लपवून आणायचे. भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा पत्ता नसताना, हा माणूस रोज छत्री घेऊन यायचा आणि तिच्यातून दूध गळायचं. मी नुसतं छत्रीकडे पाहायचे. त्यांचीच मान खाली जायची.

तशी बाटली सोडवायची रीत सोपी आहे. एकदम हिसकायची नाही. आधी दुपारची बंद करायची, मग सकाळची, आणि झोपतानाची सगळ्यात शेवटी, कारण पोराची सगळी भिस्त तिच्यावर असते. गिलासात आधी पाणी द्यायचं, दूध नंतर. गिलास पोराच्या दोन्ही हातांत मावेल एवढाच हवा आणि दूध दोन घोट. सांडलं तर दोन घोटच सांडतं. पोराला नीट बसवून, जेवणाबरोबर द्यायचं. जे पोर बाटलीनं पोट भरून येतं ते पोळीकडे बघतही नाही, मग अंगात रक्त कमी होतं. बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्यांचे पुढचे दात किडतात ते वेगळंच. हे काही माझं डोकं नाही, डॉक्टर सांगतात तेच मी सांगते.

माझं स्वतःचं म्हणाल तर एकच, ते आपटणं. बाहेरच्यांना वाटतं भिलाईत भांडीच तयार होतात. इथं रूळ होतात, प्लेटा होतात; पण घरोघरी स्टीलशिवाय दुसरं भांडं नाही हे खरं. भरलेला छोटा गिलास फरशीवर ठेवला तर ठप्प वाजतो आणि रिकामा आपटला तर ठण्ण. एका पोरानं हे शोधून काढलं आणि तो ठण्ण ऐकण्यासाठी गटागट दूध प्यायला लागला. मग मी ती रीतच पाडली. दूध संपलं की आपटायचं, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. नवीन आलेलं पोर आठवड्याभरात बाटली विसरायचं. मला त्या युक्तीचा अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे.

पिहू आली ती दीड वर्षाची असताना. स्मृति नगरमधलं घर, मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील निलेश प्लांटमध्ये, आई प्रणाली रसमडाच्या एका कारखान्यात लॅबमध्ये. शिकलेली, हुशार मुलगी. बाळंतपणानंतर मोठ्या मुश्किलीनं परत नोकरीवर गेली होती. सकाळी ती स्कूटीवरून पिहूला सोडायची. दुपारी एकच्या आसपास पिहूची आजी, कौसल्याबाई, ई-रिक्शानं येऊन न्यायच्या, कारण दिवसभर नातीच्या मागे धावणं त्यांच्यानं होत नव्हतं.

पिहू दिवसभर बाटलीच प्यायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर कमी निघालं. ते म्हणाले, बाटली बंद करा, जेवू द्या, औषध द्या, आणि परत तपासणीला या. त्या संध्याकाळी प्रणाली माझ्या व्हरांड्यात बसली आणि तिनं सरळ सांगितलं, "मावशी, पुढच्या तपासणीत खून नहीं बढ़ा ना, तर मी नोकरी सोडून देणार. घरी सगळे तेच म्हणून राहिले. मलाही वाटतं, गलती मेरी ही है."

मी म्हटलं, महिनाभर दे मला. मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

पहिला आठवडा तर दृष्ट लागावी असा गेला. पिहूनं गिलास धरला, प्यायली, आपटला आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. दुसरा आठवडाही तसाच. आजी सांगायच्या, घरीही गिलासानं पेऊन राहिली. पोळी, वरण-भात, सगळं सुरू झालं. मी देवांगन भाभींना म्हटलं, झालं काम.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी पिहूनं गिलास पाहिला आणि तोंड फिरवलं. नुसतं फिरवलं नाही, ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे मोठे डोळे करून पाहत राहिली. मी दूध बदललं, गिलास बदलला, शेजारी तिची लाडकी मैत्रीण बसवली. पिहू बोट काढेना. पाणी प्यायली तेही माझ्या ओंजळीतून. इतर पोरांनी गिलास आपटले तेव्हा तिनं दचकून दाराकडे पाहिलं आणि रडायला लागली.

मला वाटलं, दात येत असणार. बोट तोंडाकडे जातं म्हणजे हिरड्या शिवशिवत असणार. डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, काही नव्हतं. कौसल्याबाईंना वाटलं, नजर लागली. त्यांनी मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या. प्रणालीला वाटलं, झूलाघरात कुणी तिला मारलं. ती असं बोलली नाही, पण पिहूचे हातपाय ज्या बारकाईनं तपासू लागली त्यावरून मला कळलं, आणि वाईट वाटलं. मला वाटलं, आजी लपून बाटली देताहेत आणि पोरीला गप्प राहायला शिकवताहेत. इतक्या वर्षांच्या छत्र्या पाहिल्यावर दुसरं काय वाटणार?

गंमत म्हणजे चौथ्या आठवड्यात पिहू परत पहिल्यासारखी. दूध प्यायली, गिलास आपटला. नजर उतरली, असं आजी म्हणाल्या. हिरड्यांची शिवशिव थांबली, असं मी म्हटलं. दोघी आपापल्या जागी खूश. दोन आठवडे गेले आणि परत तेच, बोट ओठांवर. आता माझं डोकंच चालेना. जे पोर शिकत नाही त्याचं मी समजू शकते, आणि शिकलेलं विसरलं तरी समजू शकते. पण शिकायचं, विसरायचं, परत शिकायचं, हा काय प्रकार? मी अमावस्या-पौर्णिमासुद्धा पंचांगात पाहिल्या. इतकी वर्षं मी ज्यांना हसले होते, त्यांच्याच पंगतीला जाऊन बसले.

तपासणी जवळ आली होती. प्रणाली सकाळी पोरीला सोडताना माझ्याशी नजर मिळवेनाशी झाली. शेवटी मी ठरवलं, आजींना रंगेहाथ पकडायचं. त्या दिवशी पिहूचा डबा मीच कपाटामागे ठेवला. कौसल्याबाई तिला घेऊन गेल्या, आणि थोड्या वेळानं, देवांगन भाभींना पोरांपाशी बसवून, 'डबा राहिला होता' म्हणून मी रिक्शा करून त्यांच्या मागोमाग स्मृति नगरला पोचले.

बेल दाबली तर वाजली नाही. हलकेच कडी वाजवली. कौसल्याबाईंनी दार उघडलं आणि मी बोलायच्या आत ओठांवर बोट ठेवलं. आत पडदे ओढलेले. टीव्ही बंद. मिक्सरवर टॉवेल. त्या चपला न घालता, पाय अलगद उचलत चालत होत्या. मागच्या खोलीच्या बंद दाराकडे मान करून त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "निलेशची नाइट चालू आहे जी. झोपून राहिला."

प्लांटमधली ड्यूटी फिरती असते. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. रात्रीची असली की माणूस सकाळी घरी येऊन दुपारपर्यंत झोपतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या ह्यांनी जन्मभर तेच केलं. पण आमचे हे मागच्या खोलीत, पुढे पोरांचा धिंगाणा चालू असताना, खुशाल झोपायचे. मी त्यांना कुंभकर्ण म्हणायचे. त्यामुळे इतर घरांत नाइटच्या आठवड्यात काय चालतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

कौसल्याबाईंना वाटलं असावं की मी संशयानं आले आहे. त्यांनी माझ्यादेखत दूध कोमट केलं, आणि बाटलीत नाही, स्टीलच्या गिलासात ओतून पिहूपुढे धरलं. पिहूनं गिलास पाहिला, बंद दाराकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. तिच्याशेजारी आजीही तशीच, बोट ओठांवर ठेवून बसलेली. एकाच घरातली दोन बोटं, अगदी सारखी धरलेली. मी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले.

मग कुजबुजत विचारलं, पहिल्यांदा काय झालं होतं? त्या म्हणाल्या, "पेऊन झालं का आपटते न जी गिलास. बाप रातभर भट्टीपाशी उभा राहून येते. म्हनून मी गिलास हिसकून घेतो, तोंडावर हात ठेवतो. रडली का बाटली देतो. मंग काय करू मी?"

म्हणजे बाटली आजी देत होत्या, पण लबाडीनं नाही. मी माझ्याकडे तिला आपटायला शिकवत होते, आणि घरी ती आपटली की गिलास जात होता. ज्या आठवड्यात बाप रात्री कामावर, त्या आठवड्यात गिलास म्हणजे गुन्हा. एवढ्याशा पोरीला दोन्ही घरांचे कायदे पाळायचे होते, आणि ती ते पाळत होती. न कळणारी ती नव्हती, आम्ही होतो. मला हसू आलं आणि स्वतःची लाजही वाटली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि निलेश बाहेर आला. कौसल्याबाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "उठवलं न तुले आमी."

तो खुर्चीत बसला. डोळे लाल होते. मग म्हणाला, "मी झोपलोच नव्हतो, आई. मले झोप येतच नाही. आठ घंटे त्या आवाजात राहतो मी. घरी आलो का एकदम सन्नाटा. मंग कान उभे राहतात. पंखा कुठं वाजून राहिला, तू कोण्या पायानं चालून राहिली, सब ऐकत पडतो."

कौसल्याबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "मंग आजपर्यंत कावून नाई सांगतलं तू?"

"तू इतकी धडपड करते. पोरीले चूप करते, सैंपाकसुद्धा भांडं न वाजवता करते. मी कसं म्हनू का नको करू?"

त्या क्षणी मी तिथं नसते तर बरं, असं मला झालं होतं. पण डबा द्यायला आलेली बाई मधेच निघून कशी जाणार? निलेशनं उठून एका गिलासात पाणी घेतलं, पिहूसमोर फरशीवर मांडी घातली, पाणी प्यायला आणि गिलास आपटला. ठण्ण. पिहूनं घाबरून त्याच्याच ओठांवर बोट ठेवलं. त्यानं परत आपटला. तिनं आजीकडे पाहिलं, मग बापाकडे. तिसऱ्यांदा आपटल्यावर ती हसली. दूध मात्र तिनं त्या दिवशी दोनच घोट घेतलं. उरलेलं आजीच्या लुगड्यावर सांडलं आणि रिकामा गिलास आपटून आपण जिंकल्यासारखं केलं. निलेश आत जाऊन आडवा झाला आणि दार त्यानं उघडंच ठेवलं. पिहू गिलास आपटत राहिली, आजीनं कुकर लावला, त्याच्या शिट्ट्या झाल्या. दुसऱ्या शिट्टीपर्यंत निलेश घोरायला लागला होता.

मी निघाले तेव्हा कौसल्याबाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिथं कुजबुजायची काही गरज नव्हती, पण त्यांचा आवाज तसाच बारीक होता.

"कुंदाबाई, याचे बाबूजीही प्लांटमध्येच होते. मी लगन होऊन आली तवापासून आमचं घर असंच. निलेश रांगत होता तवा त्याच्या पायातले चाळ काढून ठेवले होते मी. वाजतात म्हनून. मंग थेही जागेच पडून राहत होते का?"

त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता विचारणार कुणाला? मी म्हटलं, माणसामाणसावर असतं, त्यांना लागत असेल झोप. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही.

घरी येऊन मी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "रविवारी तुझी पोरं नाही राहत होती न, त्या दिवशी मले कधीच झोप नाही आली." मग इतक्या वर्षांत मला सांगितलं का नाही, असं विचारलं तर म्हणाले, तू कधी विचारलं? प्लांटमधले पुरुष असे का असतात हे मला उलगडलेलं नाही. घरातल्या बायका तरी विचारत का नाहीत, हेही नाही. ह्यांचं ते बोलणं मी कौसल्याबाईंना पुढे कधीही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की झाकलेलंच बरं होतं, यावर अजून माझं एक मत होत नाही.

बाटली काही लगेच सुटली नाही. रात्रीची तर शेवटपर्यंत चिवटपणे टिकली. पण आता एकाच कायद्याचं राज्य होतं, मग आठवडा कोणताही असो. नाइटच्या आठवड्यातही पिहू सकाळी घरी गिलास वाजवूनच माझ्याकडे यायची. तपासणीत रक्त वाढलेलं निघालं. फार नाही, पण डॉक्टरांनी मान डोलावण्याइतकं. प्रणाली त्या दिवशी रसमडाहून परस्पर माझ्याकडे आली, हेल्मेटसुद्धा न काढता, आणि मला मिठी मारली. माझं नाक हेल्मेटवर आपटून दुखलं. ती नोकरीवर राहिली. अजूनही आहे. आणि तिनं पोरीचे हातपाय तपासले होते, ते मी मनातून काढून टाकलं.

पिहू शाळेत जायला लागली तेव्हा शेवटच्या दिवशी कौसल्याबाई तिला न्यायला आल्या आणि नेहमीसारख्या दारातूनच परत न जाता बसल्या. मी चहा केला. कप शोधत होते, तर त्या म्हणाल्या, गिलासातच द्या. अकरा कधीच वाजून गेले होते, पोरांची दुधं झाली होती, गिलास वाजून झाले होते. व्हरांड्यात जरा शांतता होती. त्यांनी फुंकर मारत मारत सगळा चहा संपवला, पदरानं तोंड पुसलं, आणि रिकामा गिलास फरशीवर आपटला. चांगला जोरात आपटला. पोरं टाळ्या वाजवायला लागली. पिहू आजीकडे बघून खदखदून हसत सुटली. कौसल्याबाईंनी गिलास उचलला आणि परत एकदा आपटला, पहिल्यापेक्षा जोरात. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तो राग होता की आनंद, हे त्यांना मी विचारलं नाही.